कधी, किती आणि कशाच्या बदल्यात

गजभिये मॅडमना ‘या एकदा घरी’ असं म्हणायची सोय नव्हती.

पुण्यात हे वाक्य आपण कुठेही उच्चारतो. जिन्यात, बसथांब्यावर, डॉक्टरांकडे नंबर लावून बसल्यावर. त्यात निमंत्रण नसतं हे बोलणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि दोघंही समाधानाने आपापल्या वाटेने जातात. मॅडम जात नसत. त्या थांबत, पर्सचा चाप मिटत, चष्म्यावरून बघत आणि विचारत, “कधी?”

“अहो, कधीही या की!”

“कधीही म्हणजे कधीच नाही, वसुधाताई. हा प्रस्ताव नाही झाला. ही दुकानाची काच झाली. आत साडी लावली आहे, बघा आणि पुढे चला.”

हा संवाद आमच्यात दर आठवड्याला व्हायचा आणि दर आठवड्याला मी खुदुखुदु हसायचे. तेव्हाची मी हसण्यात फार पटाईत. इंग्रजी घेऊन एम. ए., मुलगा शाळेत जायला लागल्यावर मिळालेली आयुष्यातली पहिली नोकरी, खांद्याला नवी पर्स, आणि आपल्या इंग्रजीवर खुद्द इंग्लंड भाळेल असा ठाम समज. परवा माझ्या नातीने माझी त्या वेळची दोन पत्रं वाचली आणि विचारलं, “आजी, तू कंपन्यांना पत्रं लिहायचीस की आरत्या?”

तर ती नोकरी. सदाशिव पेठेत एका दाताच्या दवाखान्याच्या वर आगाश्यांची कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन खोल्या, एक फॅक्स, आणि संगणकांसमोर बसलेली सहा-सात पोरं. कुणी अकोल्याचं, कुणी यवतमाळचं, एक लोणी काळभोरहून रोज बसने येणारा. आगाशे स्वतः पिंपरीच्या कारखान्यातली पक्की नोकरी सोडून या धंद्यात उतरले होते. देशाची दारं उघडलीत, परदेशातलं काम आपल्याकडे येणार, या वाक्यावर त्यांचा आरतीइतका विश्वास होता. त्या वर्षी तर जगातल्या सगळ्या संगणकांना दोन हजार सालाचं दुखणं लागलं होतं. साल बदललं की यंत्रं गोंधळणार, म्हणून जुने प्रोग्राम तपासून दुरुस्त करायचे. खालून दाताच्या ड्रिलचा आवाज, वर आमची पोरं तारखा उपटतायत.

मी इंग्लंडशी पत्रव्यवहार करायचा आणि मॅडमनी इंग्लंडचे करार बघायचे, अशी वाटणी होती.

मॅडम मूळच्या भंडाऱ्याच्या. कायद्याच्या कॉलेजात वर्षानुवर्षं करार शिकवून निवृत्त झालेल्या. सकाळी पेठेतच एका भाड्याच्या खोलीत विद्यार्थ्यांचा क्लास घेत आणि दुपारी आमच्याकडे येत. इंग्लंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण तिथले कोण काका, कुठले व्यापारी, कुणाची जहाजं कुठल्या शब्दावरून कोर्टात बुडाली, हे त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भांडणांसारखं पाठ होतं. साडी नेहमी पांढऱ्याकडे झुकणारी, काठ निळा. पिशवीत स्टीलची बाटली आणि मोसम असो-नसो संत्री. ती एक-एक सोलून, फोडी टेबलावर ओळीत मांडून, समोरच्याला निम्म्या द्यायच्या. ‘थँक्यू’ म्हटलं की म्हणायच्या, “ही भेट आहे. भेटीला कोर्टात जागा नाही, तोंडात आहे. खा.”

पेठेत खोली शोधताना त्यांना आलेला अनुभव त्यांनी एकदाच सांगितला, तोही संत्रं सोलता सोलता. “आडनाव विचारायचे. मी सांगायची. मग म्हणायचे, ‘कळवतो.’ अजून कळवून राहिले बिचारे.” आणि मग जरा थांबून, “‘नाही’ म्हणायला हिंमत लागते. ‘कळवतो’ला नाही लागत. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगते, गप्प बसणं म्हणजे होकार नाही, आणि गोड बोलणं म्हणजेसुद्धा नाही.”

मी यावर काय केलं असेल? निघताना जिन्यात म्हटलं, “मॅडम, या हो एकदा घरी.” अशी मी तल्लख!

त्यांचे तीन प्रश्न होते. कधी, किती आणि कशाच्या बदल्यात. कुणीही काहीही कबूल केलं की हे तीन. तिसरा त्यांचा लाडका. नुसतं ‘देईन’ म्हटल्याने इंग्लंडात माणूस बांधला जात नाही, बदल्यात दुसऱ्याने काहीतरी दिलं किंवा द्यायचं कबूल केलं पाहिजे. एकदा त्या मला म्हणाल्या, “माझा जुना कायद्याचा शब्दकोश तुम्हाला देईन.” मी आनंदले. त्या म्हणाल्या, “आनंदू नका. मी उद्या नाही म्हटलं तर तुम्ही काय करणार? मला बदल्यात काहीतरी द्या, म्हणजे मी अडकले.”

“काय देऊ?”

“काहीही. त्याची किंमत किती, हे कोर्ट बघत नाही. मिरीचा एक दाणा पुरतो.”

दुसऱ्या दिवशी मी पुडीत बांधून मिरी नेली. वर विचारलं, “काळी चालेल ना? घरात पांढरी नव्हती.” मॅडमनी ती पुडी अगदी गंभीरपणे घेतली आणि शब्दकोश माझ्यासमोर ठेवला. पोरं मागे टेबलांवर डोकी टेकून हसत होती.

आणखी एकदा मी घरचं गाऱ्हाणं नेलं. तुला नोकरी लागली तर सकाळचा चहा मी करीन, असं आमच्या ह्यांनी कबूल केलं होतं आणि एकदाही केला नव्हता. इथे मोबदला होता, अट होती, सगळं होतं. मी अगदी खटला मांडला. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. “नवरा-बायकोच्या बोलण्याला इंग्लंडचं कोर्ट सहसा करार धरत नाही. कायद्याने बांधून घ्यायचा इरादाच नसतो तिथे. धरलं असतं तर कोर्टाला दुसरं काम उरलं असतं का, बाप्पा?” मग फोड पुढे करत, “चहा तुम्हीच करा. पण एकच कप.”

तो उपाय लागू पडला, हे इथे नमूद करून ठेवते.

आणि मग तो फॅक्स आला. इंग्लंडच्या उत्तरेकडची, टपालाने कपडे विकणारी एक मोठी कंपनी. त्यांचे सगळे प्रोग्राम तपासायचं काम ते आम्हाला द्यायला तयार होते. कामाचं स्वरूप, मोबदला, मुदत, सगळं स्पष्ट लिहिलेलं. काम अमुक सोमवारी सुरू करायचं. करार इंग्लंडच्या कायद्याखाली. आगाश्यांनी फॅक्सच्या कागदाला अक्षरशः हात जोडले. एवढं काम आलं तर कंपनी उभी राहणार होती. न आलं तर? तेही सगळ्यांना माहीत होतं. या कामाच्या भरवशावर त्यांनी आधीच तीन पोरं दुसरीकडून सोडवून आणली होती. ती परत जाणार कुठे? आणि इंग्लंडशी व्यवहारच नसेल तर पत्रव्यवहाराच्या बाईचं तरी काय लोणचं घालायचं? माझ्या सासूबाईंनी ‘दिवाळीपर्यंत टिकेल हो ही नोकरी’ असं भाकीत करून ठेवलंच होतं.

अडचण एवढीच, की तो सोमवार पितृपंधरवड्यात येत होता.

“पहिलंवहिलं काम आणि पक्षात?” आगाश्यांच्या आईंनी दिनदर्शिका मिटली. विषय संपला.

मॅडम त्या आठवड्यात रजेवर होत्या. खडकवासल्याच्या रस्त्याला त्यांनी फ्लॅट घेतला होता आणि तो नेमका पंधरवड्यात. “या दिवसांत बिल्डर स्वतः खुर्ची पुसून देतो,” असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यांच्याकडे अजून फोन आला नव्हता. मग आगाश्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. काय लिहिलं म्हणून सांगू! आपला प्रस्ताव आम्ही अत्यंत आनंदाने, कृतज्ञतेने आणि उचंबळून आलेल्या अंतःकरणाने स्वीकारत आहोत. फक्त शुभारंभ आपण म्हणता त्या सोमवाराऐवजी घटस्थापनेच्या मंगल दिनी करू. खाली तारीख. फॅक्स सरकत गेला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि आगाश्यांनी पेढे वाटले.

मॅडम परत आल्या तेव्हा तो सोमवार उलटून गेला होता. त्यांनी पत्राची प्रत वाचली. मला वाटलं, भाषेबद्दल काहीतरी म्हणतील.

“हे काय करून ठेवलं बाप्पा तुम्ही?”

“स्वीकारलं ना, मॅडम!” आगाशे म्हणाले. “आनंदाने स्वीकारलं.”

मॅडमनी पिशवीतून एक संत्रं काढलं. हिरवट सालीचं, मोसमातलं पहिलं. “आगाशे, हे घेता?”

“ते आंबट असेल. ते दुसरं पिवळं द्या.”

“पिवळं नाही देत.” आणि त्यांनी हिरवंही पिशवीत टाकलं.

“अहो, मग तेच द्या!”

“आता माझी मर्जी. मी हिरवं देऊ केलं, तुम्ही पिवळं मागितलं. त्याच क्षणी माझं देणं मेलं. तुम्ही कितीही गोड हसून मागितलं असतं तरी मेलंच असतं. स्वीकार हा आरशासारखा पाहिजे. त्यांनी सोमवार म्हटलं, तर तुम्ही सोमवारच म्हणायचं. तुम्ही दिवस बदलला. हा स्वीकार नाही, तुमचा नवा प्रस्ताव आहे. त्यांची मर्जी असेल तर घेतील.”

“पण आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न!”

“कोर्टाला सांगा.”

मला गप्प बसवेना. मी म्हटलं, “मॅडम, त्यांनी काही हरकत घेतलेली नाही. मौनं संमतिलक्षणम्.”

“संस्कृतात,” मॅडम म्हणाल्या. “इंग्लंडात नाही.”

त्या दिवशी त्यांनी स्वतः दोन ओळींचा फॅक्स पाठवला. आमची तारीख आपल्याला मान्य आहे का, कळवावे. इतका कोरडा मजकूर पाहून मला लाज वाटली होती. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आणून ठेवलेली तीन पोरं फॅक्सच्या बाजूने उगाच येरझाऱ्या घालू लागली. यवतमाळच्या सचिनने मला विचारलं, “मॅडम काय म्हणतात? घरी सांगून टाकू का?” मी म्हटलं, सांगू नको. माझ्या तरी घरी मी कुठे सांगितलं होतं?

आणि मग घटस्थापनेच्या आदल्या दिवशी इंग्लंडहून मोठं खोकं आलं. त्यांच्या प्रोग्रामच्या टेप. त्याच्या मागोमाग विमानतळावरून टॅक्सीने एक उंच, उन्हाने गुलाबी झालेला माणूस आला, कॉलिन. त्यांचा तंत्रज्ञ. प्रोग्राम समजावून द्यायला त्याला पाठवलं होतं. आगाशे खोक्यावर झेप घेणार, तोच मॅडमनी हात आडवा धरला.

“आज नाही. उद्या. तुम्ही पत्रात जो दिवस लिहिलाय, त्याच दिवशी. आणि उघडायचं यांनी.”

दुसऱ्या दिवशी संगणकांना हार, फॅक्सला हळदकुंकू, आगाश्यांच्या आई नऊवारीत. मॅडम दाराशी उभ्या. आईंनी त्यांच्यापुढे कुंकवाची कोयरी धरली, तेव्हा हसून हात जोडत म्हणाल्या, “माझा यांच्याशी करार नाही, आई. तुमचं चालू द्या.” आईही हसल्या. मग आगाश्यांनी नारळ उचलला, तर मॅडम पुढे. “पाहुण्यांना द्या.”

“अहो, मालक मी!”

“म्हणूनच.”

कॉलिनने नारळ दोन्ही हातांत धरून असा काही आपटला, की पाणी फॅक्सवर उडालं. पोरांनी आरडाओरडा केला. मग मॅडमनी त्याच्या हाती कात्री दिली, त्याने खोकं उघडलं, टेप बाहेर काढल्या, आणि काम सुरू झालं. अकोल्याच्या पोरीने फोटो काढला. मला वाटलं, बाई स्वतः पूजेबिजेतल्या नाहीत, पण पाहुणचाराच्या किती हौशी! संध्याकाळी त्यांनी आणखी एक कोरडा फॅक्स धाडला. आपल्या टेप मिळाल्या. आमच्या पत्रातल्या तारखेला, आपल्या माणसाच्या उपस्थितीत काम सुरू झालं. मी म्हटलं, “मॅडम, ‘मंगलमय वातावरणात’ घालू का?”

“नको.”

कॉलिन चार दिवस राहिला, मिसळ खाऊन रडला आणि परत गेला. पोरं जोरात कामाला लागली. आणि मग इंग्लंडहून पत्र आलं, सही करणारा माणूस नवा. खरेदीखात्यात कुणी नवे साहेब आले होते आणि त्यांना दुसरीकडे स्वस्तात सौदा मिळाला असावा. मजकूर असा, की तुम्ही आमच्या अटी बदलून उत्तर दिलंत, सबब आपल्यात करार झालेलाच नाही. टेप परत करा.

आगाशे खुर्चीत बसले ते बसलेच. पोरांचे कीबोर्ड एकेक करून थांबले. खालून फक्त ड्रिल.

मॅडमनी पत्र वाचलं आणि म्हणाल्या, “फोन लावा. मोठ्या आवाजावर ठेवा. पोरांनाही ऐकू द्या.”

पलीकडे त्यांचे वकील होते. आवाज असा, की नाकाने कायदा बोलतोय.

“आपलं पत्र मिळालं,” मॅडम त्यांच्या सावकाश, भंडाऱ्याच्या इंग्रजीत म्हणाल्या. “आपण म्हणता ते अगदी बरोबर आहे.”

आगाश्यांनी डोक्याला हात लावला.

“आमचं उत्तर हा स्वीकार नव्हता. तारीख बदलल्यामुळे तुमचा प्रस्ताव तिथेच संपला. असंच ना?”

“अगदी असंच,” वकील खूश झाले.

“म्हणजे आमचं पत्र हा आमचा नवा प्रस्ताव. बाकी सगळ्या अटी तुमच्याच, दिवस आमचा.”

“तसं म्हणा. पण आम्ही तो स्वीकारल्याचं कधीही कळवलेलं नाही.”

“नाही कळवलंत. आणि गप्प बसण्याला मी होकार म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्या एक बाई इथे बसल्यात, पण त्या संस्कृतच्या आहेत.” मी मान खाली घातली. “फक्त एवढं सांगा, आमचं पत्र पोचल्यावर टेप कोणी पाठवल्या?”

पलीकडे कागद सळसळले.

“तुमचा माणूस कोणत्या दिवसासाठी आला? तुम्ही लिहिलेल्या सोमवारी आला का? की आमच्या दिवशी?”

सळसळ.

“त्याला पुण्याला सुट्टीवर पाठवलं होतं का?”

“मॅडम, तो केवळ तंत्रज्ञ आहे...”

“तंत्रज्ञच. म्हणूनच त्याने काम सुरू करून दिलं. आम्ही त्याच संध्याकाळी तुम्हाला कळवलं. तेव्हाही तुम्ही थांबा म्हटलं नाही. माणूस तोंडाने ‘हो’ म्हणाला नाही आणि हाताने ‘हो’ केलं, तर तुमच्याच देशाचं कोर्ट काय म्हणतं, हे मी आपल्याला सांगावं का? बरं, नारळ कोणी फोडला?”

“कसला नारळ?”

मागे अकोल्याची पोरगी तोंडावर हात दाबून होती. आगाशे फोटो उंच धरून उभे होते, जणू तो इंग्लंडात दिसणार होता.

“आमच्याकडे काम सुरू करायचं असल्याशिवाय तो फोडत नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “आपल्या माणसाला विचारा. फोटो पाठवते.”

मग नाकातला आवाज म्हणाला, “मी आमच्या लोकांशी बोलून कळवतो.”

“कधी?” मॅडमनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फॅक्स वाजला. काम चालू ठेवावे. अटी त्यांच्या, दिवस आमचा. पोरांनी मॅडमना खुर्चीसकट उचललं, आणि त्या “खाली ठेवा, मी हे मान्य केलेलं नाही!” म्हणून ओरडत होत्या.

आगाश्यांनी त्या नारळाची करवंटी धुऊन, पुसून शोकेसमध्ये ठेवली. तिच्याखाली ‘करारपत्र’ अशी चिठ्ठीही लावली, तर मॅडमनी ती काढायला लावली. “कायद्याला टेप लागतात, तारीख लागते. नारळ कुठेच लागत नाही.”

“मग तुम्ही कॉलिनला तो फोडायला का लावलात?”

“खोकं त्याने उघडावं म्हणून. तुमच्याकडे नारळाआधी काही उघडू देत नाहीत ना.”

त्याच संध्याकाळी जिन्यात मी तोंड उघडलं. “मॅडम, या...” आणि थांबले. “रविवारी. सकाळी दहा वाजता. आमच्याकडे. थालीपीठ आणि लोणी.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “स्वीकारलं,” म्हणाल्या. एक अक्षर बदललं नाही. आल्याही दहाला. सासूबाईंनी दारातच विचारलं, “गजभिये म्हणजे कुठले हो?” “भंडाऱ्याचे,” मॅडम म्हणाल्या आणि संत्र्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली. सासूबाईंनी पिशवीकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. मग आत वळून मला म्हणाल्या, “बघतेस काय? तवा तापलाय.” दिवाळीपर्यंतच्या नोकरीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मॅडमना तिसरं थालीपीठ त्यांनीच वाढलं.

पुढे कंपनी वाढली, हिंजवडीला गेली, पोरांची पोटं सुटली. मॅडमचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी फ्लॅट विकून नागपूरला भाचीकडे जायचं ठरवलं. निरोपाला सगळे जमले होते. सचिन आता साहेब होता, अकोल्याची पोरगी दोन मुलांची आई. आगाशे गहिवरले आणि म्हणाले, “मॅडम, येत चला अधूनमधून.”

“कधी?” सगळी पोरं एका सुरात ओरडली.

आगाशे दचकले. “घटस्थापनेला! दर वर्षी!”

“किती दिवस?” मॅडमनी विचारलं.

“चार!”

“आणि कशाच्या बदल्यात?”

आगाशे खिसे चाचपायला लागले. मी पर्स उघडली. ती जुनी पर्स, चाप तुटलेली. आत चावी, बसचं तिकीट आणि तळाशी एक वेलदोडा. तो मी त्यांच्या तळहातावर ठेवला. “मिरी नाही आज.”

मॅडमनी वेलदोडा उजेडात धरून पाहिला, जणू कलम तपासतायत. मग तोंडात टाकला. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडलं, पिशवी मांडीवर दिली. रिक्षा हलली तशी त्यांनी डोकं बाहेर काढलं, एक गाल फुगलेला.

“चावला!” त्या ओरडल्या. “आता परत मागता यायचा नाही!”